पाच ग्रॅमची भर

त्या मंगळवारी सकाळपासून डॉ. अविनाश खांबेट्यांनी एकच वाक्य चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा खोडलं. वाक्य काही अवघड नव्हतं. 'कु. त्रिवेणी बिरादार यांच्या कामात काटेकोरपणा नाही.' एवढं लिहायचं, खाली सही ठोकायची आणि चार वाजायच्या आत कागद वर पाठवायचा. गुरुवारी समिती बसणार होती. समितीतली माणसं चहा पिणार, बिस्किटं खाणार, हा कागद वाचणार आणि पोरीचं पीएचडीचं नाव कापून टाकणार. तीन वर्षांची मेहनत मातीत. आणि ज्याच्या सहीनं हे सगळं होणार होतं, त्याला पक्कं ठाऊक होतं की पोरीच्या कामात काडीचीही खोट नाही.

मग लिहीत कशाला होता, असं तुम्ही विचाराल. विचारायलाच पाहिजे. चांगला शिकलेला, चारचौघांत मान असलेला माणूस. कुणाचा पैसा बुडवला नाही, कुणाला शिवी दिली नाही. पण स्वतःची लाज झाकायची वेळ आली की असली सभ्य माणसंच दुसऱ्याच्या अंगावरची चादर ओढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

अविनाशराव मूळचे पुण्याचे. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत त्यांना सव्वीस वर्षं झाली होती. त्यांचा विषय तळणीच्या तेलाचा. भजीवाले, हॉटेलवाले तळून तळून काळं झालेलं तेल टाकून देतात ना, त्याच्यापासून डिझेलसारखं इंधन करता येतं. तेलात मिथेनॉल घालायचं आणि दोघांचं जमवून द्यायला तिसरा कुणीतरी लागतो, त्याला उत्प्रेरक म्हणतात. हा तिसरा जर विरघळणारा असला, तर लग्न लावून मांडवातच राहतो, हलायचं नावच घेत नाही. मग त्याला धुऊन काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून घन उत्प्रेरक बरा. पावडर टाका, तीन तास ढवळा, काम झालं की गाळून घ्या, धुवा, भाजा आणि पुन्हा वापरा. सगळी मेख त्या 'पुन्हा'त आहे. एकदा चालणारी पावडर काय, कुणीही करील.

अविनाशरावांनी ती केली अंड्याच्या टरफलांपासून. खांबेट्यांच्या सात पिढ्यांत अंडं उंबऱ्याच्या आत आलं नव्हतं आणि ह्यांचं नाव झालं ते नेमकं टरफलांवर. नारायणगुड्यातल्या बेकऱ्यांमधून पोत्यानं टरफलं यायची. ती धुवायची, वाळवायची आणि नऊशे अंशांवर भट्टीत भाजायची. होतो त्याचा चुना. आठ वर्षांपूर्वी त्यांचा निबंध छापून आला: ही पावडर आठ वेळा वापरली तरी तिची ताकद ढळत नाही. पहिल्या खेपेला शहाण्णव टक्के तेल पालटलं, आठव्या खेपेला चौऱ्याण्णव. झालं! ठिकठिकाणची बोलावणी आली, शाली आल्या, नारळ आले, बढती आली. पुण्याचे साले-मेहुणे त्यांना 'अंडेवाले डॉक्टर' म्हणून चिडवायचे आणि अविनाशराव कौतुकानं हसायचे.

आणि तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली त्रिवेणी आली. बिरादार मंडळी बिदरकडची, दोन पिढ्यांपूर्वी शेती भावकीवर सोडून शहरात आलेली. वडिलांचं विद्यानगरला विद्यापीठाजवळ झेरॉक्सचं दुकान. पोरगी घरात मराठी बोलायची, शेजारी तेलुगू, रस्त्यावर दख्खनी आणि प्रयोगशाळेत तिन्ही एकदम. कामाला वाघीण. स्वतः भजीच्या गाड्यांवरनं कॅनमध्ये तेल आणायची, गाळायची, मोजायची. तिला करायचं होतं ते पुढचं काम, सरांच्या पावडरीवर मोठी यंत्रणा बसवायची. पण पुढं जायचं तर आधी आठ खेपा जमायला हव्यात ना?

त्या जमेनात. पहिल्या खेपेला पंच्याण्णव, दुसऱ्या खेपेला नव्वद, मग शहात्तर, मग चोपन्न, मग एकतीस. पाचव्या खेपेलाच पावडर बसकण मारायची. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच. अकरा वेळा केलं, दादा, अकरा वेळा! बेकरी बदलली, भट्टी बदलली, तेल बदललं. दर वेळी ती वही घेऊन सरांपुढं उभी राहायची आणि सर चष्म्यावरनं बघत म्हणायचे, "नाचता येईना अंगण वाकडं. पावडरीला काय दोष देतेस? तुझ्या हाताला वळण नाही." एकदा चौघांदेखत म्हणाले, "हात थरथरतो हिचा, वजन काय घंटा नीट करणार!" चौघं हसले. त्रिवेणी पण हसली, कारण सर बोलल्यावर हसायचं असतं. मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

आता मूळ दुखणं. अविनाशरावांना सगळं माहीत होतं.

निबंध छापून आल्यावर पंधराव्या दिवशी कुणा पाहुण्याला नमुना द्यायचा म्हणून त्यांनी ताज्या पावडरीची बाटली काढली, तर बाटलीचा तळ दिसत होता. ती भरलेली असायला हवी होती. त्यांनी हणमंतरावांना हाक मारली. हणमंतराव मेत्रे हे प्रयोगशाळेतले जुने मदतनीस, भालकीच्या बाजूचे शेतकरी कुटुंबातले, तीस वर्षं चोख नोकरी केलेले. अविनाशराव बैठकांना गेले की वजन, गाळणी, भट्टी सगळं हणमंतरावांच्या हाती असायचं आणि हात असा की काचेला ओरखडा नाही.

"बाटली रिकामी कशी?" साहेबांनी विचारलं.

"भर घातली की, साहेब," हणमंतराव सहज म्हणाले. "गाळून धुतलं की दर खेपेला ग्रॅमभर पावडर कमीच भरायची. काही कागदाला चिकटते, काही कुठं जाती देव जाणे. तुमच्या वहीत तर पाच ग्रॅम लिहिलेलं. मग ताज्यातली घालून पाच पुरं करायचो. आमचे वडील खळ्यावर माप घालायचे तेव्हा म्हणायचे, उणं माप कुणाच्या पदरात घालू नये, पाप लागतं."

एकच पावडर आठ वेळा वापरली, असं त्यांनी जगाला छापून सांगितलं होतं. आणि इथं दर खेपेला ताजा माल पडत होता. सात भरींत मिळून सहा ग्रॅमच्या वर. शेवटच्या खेपेपर्यंत मूळ पावडर उरली होती नावापुरती. ताकद टिकली नव्हती, ताकद नवी घातली जात होती.

बिचाऱ्या हणमंतरावांचं चुकलं, पण त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं की उणी भरली तर उणीच लिहायची आणि तेल त्या मानानं कमी घ्यायचं. आणि वहीत दर खेपेला 'पाच ग्रॅम, पाच ग्रॅम' बघून साहेबांना शंका यायला नको? गाळलेली पावडर कधी पुरीच्या पुरी परत आलीय का? शाळेतल्या पोराला कळेल. पण आकडे गोड होते आणि गोड घास कुणी चावून बघत नाही.

तेव्हा एक पत्र लिहायचं होतं. 'आमच्याकडून चूक झाली, निबंध मागं घेतो.' चार ओळी. त्याऐवजी अविनाशराव हळूच म्हणाले, "हणमंतराव, ही भर घालायची गोष्ट कुणाला बोलू नका. आपल्या दोघांतच राहू द्या."

हणमंतरावांची छाती फुगली. त्यांना वाटलं, बावर्ची जसा बिर्याणीचा मसाला कुणाला सांगत नाही, तसं हे साहेबांचं गुपित आहे आणि ते आपल्याला माहीत आहे. निबंधाच्या शेवटी आभारात त्यांचं नाव छापलेलं होतं. त्या पानाची त्यांनी फ्रेम करून घेतली. पुढं दोन वर्षांनी ते निवृत्त झाले आणि कुकटपल्लीला मुलाकडं राहायला गेले. अविनाशरावांनी सुटकेचा श्वास सोडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं होय?

त्या मंगळवारी सकाळी पोहे पुढं ठेवताना सुनंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलंही होतं. "चेहरा का असा उतरलाय?"

"एका मुलीचं नाव काढावं लागणार आहे."

"काम करत नाही का?"

"करते."

"मग खोटं बोलते?"

"नाही गं."

"मग काढताय कशाला?" बाईंनी सरळ विचारलं.

"तुला नाही कळायचं," असं म्हणून अविनाशराव पोहे अर्धे टाकून उठले. कळलं होतं तिला. नेमकं काय ते कळलं नव्हतं, पण नवरा नजर चुकवतोय एवढं कुठल्याही बाईला कळतं.

अकराच्या सुमाराला त्रिवेणी खोलीत आली. डोळ्यांखाली काळं झालेलं, हातात वही. अविनाशरावांनी कागद पालथा केला.

"सर, गुरुवारी समितीत माझं नाव जाईल म्हणून ऐकलं. एक रिक्वेस्ट आहे," ती म्हणाली. "मी थीसिसमध्ये सरळ लिहिते की पावडर पाचव्या खेपेला बसते. पावडरीतलं कॅल्शियम तेलात विरघळून जातंय, सर. मी तेल पण टेस्ट केलं, इंधन होताना खाली बसणारं ग्लिसरीन पण. दोन्हीत सापडलं. ही पावडर पूर्ण सॉलिड राहतच नाही. ते पण एक फाइंडिंगच आहे ना?"

फाइंडिंगच होतं. उत्तम होतं. आठ वर्षांपूर्वी ह्यांनी स्वतः करायला हवं होतं ते काम ह्या पोरीनं केलं होतं. अविनाशरावांना त्या क्षणी तिचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी तिचा संतापही आला. स्वतःवर काढायचा राग होता, पण वड्याचं तेल वांग्यावर.

"म्हणजे माझा निबंध खोटा?" त्यांनी आवाज चढवला.

"नाही सर, तसं नाही..."

"मग कसं? देशभरात लोक वाचतात तो निबंध. आणि तू, तीन वर्षांत धड पाच ग्रॅम मोजता न आलेली, मला शिकवणार?"

त्रिवेणीनं मान खाली घातली. "नाही सर. चूक माझीच असणार, हे मला माहीत आहे. फक्त कुठं होतीय तेवढं कळायला पाहिजे. म्हणून मी संडेला कुकटपल्लीला गेले होते. हणमंतकाकांकडं."

"कोण हणमंतकाका?" अविनाशरावांनी विचारलं. बघा, माणूस किती लवकर घसरतो. वीस वर्षं हाताखाली राबलेला माणूस, आणि हे विचारतात कोण.

"तुमच्या पेपरमध्ये शेवटी नाव आहे ना, सर. मेत्रे म्हणून. म्हटलं, त्यांनी हातानं केलंय, त्यांना विचारू. ते बोलले, साहेबांना विचारल्याबिगर मी काही सांगणार नाही. आज येतो बोललेत."

ती बोलतेय तोवर दारावर टकटक झाली. धुतलेला पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, दोन बस बदलून आल्यानं घामाघूम झालेले हणमंतराव दारात उभे. सत्तरीकडं झुकलेला माणूस, पण आत येताना चपला बाहेर काढून आला. खोलीत कधीच कुणी चपला काढत नसे.

"नमस्कार, साहेब. बरं आहे ना? वहिनी बऱ्या आहेत?"

"या, या, हणमंतराव," अविनाशराव म्हणाले. "बसा. चहा सांगतो."

"चहा नक्को, साहेब. मी एका कामानं आलो." हणमंतराव खुर्चीच्या काठावर टेकले आणि त्रिवेणीकडं बघून मायेनं हसले. "ही पोरगी लई परेशान आहे. आमच्या घरी येऊन रडली. माझी सून म्हणाली, मामंजी, तुम्हाला माहीत आहे तर सांगून टाका ना. मी म्हणालो, नाही. साहेबांना शब्द दिलाय. सहा वर्सं झाली मला रिटायर होऊन, मी बायकोला सुद्धा नाही सांगितलं, ती गेली तरी नाही. पण आता पोरीचं नाव जायलंय म्हणं. म्हणून विचारायला आलो." त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब, आपलं ते गुपित हिला सांगू का?"

त्रिवेणीनं सरांकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, आशा होती. अहो, आशा! गुपित आहे म्हणजे उत्तर आहे, आणि सर आता ते देणार.

ह्या क्षणी माणसानं खरं बोलावं की नाही? समोर म्हातारा बसलाय, पोरगी उभी आहे, दार बंद आहे, तिसरं कुणी नाही. अविनाशराव म्हणाले, "कसलं गुपित, हणमंतराव?"

म्हाताऱ्यानं एकदा डोळे मिचकावले. साहेब विसरले असतील असं त्यांना आधी वाटलं. "ते भर घालायचं, साहेब. पाच ग्रॅम पुरं करायचं. बाटलीतनं."

"कसली भर?" अविनाशराव म्हणाले. "मला तर ह्यातलं काहीच माहीत नाही."

वीस वर्षं साहेबांची मर्जी सांभाळलेला माणूस तो. त्याला शब्द नाही कळले तरी सूर कळला. काहीतरी वाईट घडलंय आणि साहेब त्यात अडकलेत, एवढं त्यानं ओळखलं. मग त्यानं काय करावं? त्यानं ते आपल्या अंगावर घेतलं.

"हौ, बरोबर," हणमंतराव हळूच म्हणाले. "साहेबांना काय माहीत असणार. मी माझ्याच मनानं करायचो. साहेब मीटिंगला असायचे. म्हातारपणी मला काहीही आठवतंय बघा."

"काका," त्रिवेणी त्यांच्याजवळ खाली वाकून म्हणाली, "काय करायचा तुम्ही? दर वेळी ताजी पावडर मिसळायचा?"

"कमी भरली तर. जेवढी कमी, तेवढीच. जास्ती नाही हां, बेटा."

त्रिवेणी मटकन स्टुलावर बसली. तिच्या ओठांतनं "अय्यो" एवढंच निघालं. मग हसू फुटलं की रडू, ते तिचं तिलाच कळेना.

"मी काही वाईट केलं का?" हणमंतरावांनी विचारलं.

तिनं डोळे पुसले. "काका, कसं सांगू... एकच बैलजोडी आठ दिवस न थकता नांगर ओढते का, हे बघायचं होतं. आणि तुम्ही रोज एक ताजा बैल जुंपत होता. मग आठव्या दिवशी नांगर चालणारच ना?"

शेतकऱ्याच्या पोराला ते एका फटक्यात कळलं. हणमंतरावांचा चेहरा उतरला. "म्हणजे ते सगळं... जे छापलंय ते..." त्यांनी साहेबांकडं पाहिलं, मग पटकन नजर काढून घेतली. "आणि तू तीन वर्सं तीच जोडी हाकत बसलीस होय गं?" ते उठले आणि लेकीच्या वयाच्या पोरीपुढं त्यांनी दोन्ही हात जोडले. "माफ कर, बेटा. मी अडाणी माणूस. माझ्यापायी तुझी तीन वर्सं गेली. तू म्हणशील तिथं येऊन मी सांगतो, समितीपुढं सांगतो. चूक माझी आहे."

"काका, नक्को, हात खाली करा," त्रिवेणीनं त्यांचे हात धरले.

अविनाशराव खुर्चीत बसून हे बघत होते. सुटले होते बरं का ते. चक्क सुटले होते. म्हाताऱ्यानं चूक पदरात घेतली, पोरीनं ती मानली. आता फक्त थोडं आश्चर्य दाखवायचं, थोडी खंत दाखवायची, 'मदतनिसाच्या अज्ञानामुळे' असं एक पत्र लिहायचं. पोरीचं नाव वाचलं असतं, ह्यांची अब्रू वाचली असती आणि कुकटपल्लीच्या घरात भिंतीवरची एक फ्रेम उतरली असती. एवढ्यावर भागलं असतं. त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

पण त्याआधी त्रिवेणी त्यांच्याकडं वळली.

"सर, सॉरी," ती म्हणाली. "मला तुमची पण माफी मागायचीय. गेले दोन महिने मला वाटत होतं की तुम्हाला काहीतरी माहीत आहे आणि तुम्ही मुद्दाम सांगत नाही. मी आईला पण बोलले तसं. आई चिडली माझ्यावर, म्हणाली, गुरूबद्दल असं मनात आणू नये. सॉरी, सर. मी तुमच्यावर शंका घेतली."

कुणी कानफटात मारली असती तर बरं, असं अविनाशरावांना वाटलं. आठ वर्षं आत ठासून भरलेली शरम एकदम वर आली. ह्या पोरीनं आपल्याला शिव्या द्याव्यात, म्हाताऱ्यानं खुर्ची फेकून मारावी, पण ही माफी नको. ही माफी खिशात घालून घरी जाता येणार नाही. सुनंदेच्या पुढ्यात बसून जेवता येणार नाही.

"माझी माफी मागू नकोस," ते म्हणाले. "मला माहीत होतं."

त्रिवेणीला कळलं नाही. "काय, सर?"

"भर घालायचे ते. निबंध छापल्यावर पंधराव्या दिवशी कळलं मला. ह्यांनी स्वतः सांगितलं, काही न लपवता. मीच त्यांना म्हणालो, कुणाला बोलू नका. आणि आत्ता तुमच्या दोघांसमोर खोटं बोललो. हणमंतरावांची चूक नाही. त्यांना कसं करायचं ते मी कधी शिकवलंच नव्हतं."

हणमंतराव हळूहळू पुन्हा खुर्चीवर बसले. त्यांची नजर आपल्या अनवाणी पायांवर गेली.

"साहेब, म्हणजे ते गुपित नव्हतं," ते म्हणाले.

"नाही."

"तुम्हाला माहीत होतं, की ते चुकीचं आहे. तरी मला गप बसायला सांगितलं."

"हो."

"मी नातवंडांना ते पान दाखवतो, साहेब. हे बघा, तुमच्या आजाचं नाव."

अविनाशरावांनी पालथा ठेवलेला कागद सुलटा केला, त्रिवेणीपुढं सरकवला. लपवायचं आता उरलं काय होतं! तिनं आपल्या नावापुढचं वाक्य वाचलं, चार वेळा खोडलेलं. मग त्यांनी तिच्या देखत तो फाडला आणि संचालकांना फोन लावला. गुरुवारी समितीपुढं मला बोलायचं आहे, म्हणाले, माझा निबंध मागं घ्यायचा आहे आणि चूक मुलीची नाही, मदतनिसाची नाही, माझी आहे. पलीकडचा माणूस काय म्हणत होता कोण जाणे. अविनाशराव नुसते "हो, समजतंय मला" म्हणत राहिले.

त्यांना वाटलं, आता तरी कुणी काही बोलेल. खरं सांगायचं तर त्यांना वाटलं, निदान थोडं हलकं वाटेल. माणूस किती लबाड असतो बघा, कबुली देतानाही बदल्यात काहीतरी हवंच असतं त्याला.

त्रिवेणी खिडकीजवळ जाऊन उभी राहिली होती. ती रडत नव्हती. तिनं दोन्ही हात पुढं केले, बोटं ताठ पसरली आणि त्यांच्याकडं बघत राहिली. बोटं जराही हलत नव्हती.

"सर," ती म्हणाली, "तुम्ही म्हणाला होता ना, माझा हात थरथरतो. मी डॉक्टरकडं गेले होते. नसांच्या डॉक्टरकडं, पप्पांना न सांगता. त्यांनी सगळं तपासलं. म्हणाले, तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मी दुसऱ्या डॉक्टरकडं गेले. ते पण तेच म्हणाले. मला वाटलं, दोघांना पण कळत नाही." तिनं हात खाली घेतले. "स्कूटी चालवायची सोडून दिली मी, सर. दीड वर्ष झालं. घरात भाचीला उचलून घेत नाही. पडेल म्हणून."

हणमंतराव उठले, दारापाशी जाऊन त्यांनी चपला घातल्या आणि "चल बेटा, तुला घरी सोडतो" म्हणाले. ती त्यांच्याबरोबर गेली.